बऱ्या हाताचं खोबरं

मी संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. आम्ही बोईसरला बिऱ्हाड केलं त्या काळात संशय ही घरातल्या गाळण्यासारखी रोज लागणारी वस्तू होती. नळाचं पाणी आधी पेल्यात घेऊन उजेडात बघायचं, मग नाकाशी न्यायचं आणि मगच उकळायला ठेवायचं. कुंभवलीहून येणारी भाजीवाली गळ्याला हात लावून सांगायची की तिचा भाजीचा मळा कारखान्यांपासून लांब आहे. मी विचारायच्या आधीच ती हे सांगायची, म्हणून मी तिच्याकडून कधी भाजी घेतली नाही. नवरा म्हणायचा, "लग्नाआधी माझीसुद्धा अशीच चौकशी केली असशील." केली होती, आणि तसं मी त्याला सांगितलंही होतं.

हा स्वभाव आईचा. माझं माहेर किनाऱ्यालगतच्या गावातलं. केळी, पानवेली आणि नारळाची वाडी. आई त्या वाडीत जन्मभर राबली. दुसऱ्याच्या घरी गेली की पाण्याचा पेला ओठाशी न्यायची आणि न पिता खाली ठेवायची. लग्नाकार्याला जाताना पिशवीत स्वतःचा तांब्या. यात विटाळाचा भाग किती आणि स्वच्छतेचा सोस किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. दोन्ही होतं. "मान्साचा काय भरवसा नाय," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. मला मात्र तिने त्यातून वगळलं होतं. मी पुढे केलेलं ती न बघता तोंडात घालायची. सगळ्या जगात तिचा विश्वास एकट्या माझ्यावर, याचा मला मनातून फार अभिमान होता.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं सरली असतील. आईच्या गर्भाशयाची पिशवी काढायची ठरली आणि तिला पालघरच्या एका इस्पितळात ठेवलं. इस्पितळाचं नाव सांगत नाही. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. बायकांचा वॉर्ड लांबट, दोन्ही बाजूंना खाटा, टोकाला एकच संडास आणि त्याच्या दाराशी एक नळ. नळाखाली डबडं. साबण मी पहिल्या दिवशी ठेवला तो दुसऱ्या दिवशी नाहीसा झाला. दुसरा ठेवला, तोही गेला. मग मी साबण माझ्या पिशवीतच ठेवू लागले.

रोज सकाळी बोईसरहून एसटीने यायचं, सोबत डबा आणि उकळलेल्या पाण्याची बरणी. आईला न्हाऊमाखू घालायचं, मऊ भात भरवायचा, संध्याकाळचं झाकून ठेवायचं आणि जेवणवेळेच्या आत परत फिरायचं, कारण मुलं शाळेतून यायची. डॉक्टरांची फेरी दुपारी असे. घरी कुणाला सोडायचं ते त्यांच्या फेरीनंतर ठरायचं. त्यामुळे दुपारनंतर वॉर्डात काय चालतं ते मला कधी दिसलं नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

आईच्या शेजारच्या खाटेवर कोळीण होती. वयाने आईएवढीच, धिप्पाड, आवाज बंदरावरून घरापर्यंत पोचणारा. तिला साखरेचा आजार होता आणि पायाला झालेली जखम भरत नव्हती. तिची सून डबा आणायची, त्यात सुक्या बोंबलाचं कालवण हमखास. तो वास आईच्या उशीपर्यंत यायचा. आम्हीही मासे खाणारे, पण इस्पितळात आपल्या डब्याचा वास आपल्याला येत नाही आणि दुसऱ्याचा येतो. पहिले दोन दिवस आईने तिच्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी मी गेले तर दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलत होत्या. मला ते आवडलं नाही. आई इतक्या लवकर कुणाशी जुळवून घेणारी नव्हती.

मग वॉर्डात आव सुरू झाली. आधी कोपऱ्यातल्या एका बाईला, मग तिच्या समोरचीला, मग मधल्या खाटा सोडून भलत्याच ठिकाणी. पोटात मुरडा, ताप, आणि भांड्यात रक्त. भांडी पुरेनात. बायका भिंतीला धरून संडासाकडे जायच्या आणि दाराशी खोळंबायच्या. हाडं मोडून आलेल्या, बाळंतीण झालेल्या, टाके पडलेल्या, सगळ्यांना हेच. आपापलं दुखणं बाजूला राहिलं आणि सगळा वॉर्ड पोट धरून बसला.

त्या दिवसांत जो तो दुसऱ्याकडे बघत होता. डॉक्टरांनी टाकीवर बोट ठेवलं. टाकी उपसली, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली, पाण्याला इतका वास सुटला की लोकांना वाटलं आता विषच घातलं. पलीकडच्या रांगेत बोईसरच्या चाळीतली एक भय्यीण होती, नवरा कारखान्यात. ती म्हणायची, "पानी में ही कुछ है, दीदी. हमारे उधर भी यही हाल है." तिला कारखान्यांचं पाणी दिसत होतं. बाकीच्या बायकांना कॅन्टीनच्या चहाचं दूध दिसत होतं. काही जणी आयाकडे बघून कुजबुजत, की ही भांडी धुते की नुसती ओतते. आया म्हणे, "तुमचे डबे बघा आधी. कसले कसले आणता." मला आयाचाही संशय होता, चहाचाही होता. पण सगळ्यांत जास्त होता तो शेजारच्या कोळणीचा. तिला आव पहिल्या दोघींच्या मागोमाग येऊन गेली होती आणि ती आता खुशाल आईच्या खाटेवर बसून आईचं डोकं चेपत होती.

मी सिस्टरला गाठलं. सिस्टर केरळची, उंच, हसायची कमी. म्हटलं, माझ्या आईची खाट हलवा. ती म्हणाली, "किदर हलवू? सगलीकडे तेच आहे." मग मी आईला बजावलं. इथलं पाणी नाही, चहा नाही, कुणाच्या डब्यातला घास नाही. आईने मला बघून हात जोडले. "मला शिकवतेस? मी कोनाचा पेला तरी धरते का?" ते खरंच होतं. मी निर्धास्त होऊन बसमध्ये बसले.

आणि तरी आईला आव लागली.

सकाळी गेले तर ती उशीवरून डोकं उचलत नव्हती. टाके अजून ओले होते. प्रत्येक कळेला ती पोट दाबून धरायची आणि टाके ताणले की ओरडायची. डॉक्टरांनी सलाईन लावलं, मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की वय आहे, रक्त कमी आहे, टाके उसवले तर पुन्हा उघडावं लागेल आणि ते ती सोसेल असं वाटत नाही. "बघू," म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडच्या त्या शब्दाची मला तेव्हापासून भीती बसली आहे. मी व्हरांड्यात जाऊन रडले. आई जाईल असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि जाईल ती कुणाच्या तरी घाणीमुळे, या विचाराने अंगाची आग झाली.

मुलांना शेजारणीच्या हवाली केलं आणि मी वॉर्डातच मुक्काम ठोकला. आता मी उलटतपासणी सुरू केली.

"काय खाल्लंस?"

"तू आनलंस तेच."

"पाणी?"

"तुजंच."

"आणखी काय?"

"काय नाय." आणि तिने मान भिंतीकडे वळवली.

आई खोटं बोलताना मान वळवायची. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. पण ती माझ्याशी खोटं बोलेल हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं, म्हणून मला वाटलं की ती कळ सोसते आहे.

कोळीण मात्र तिच्याजवळून हलत नव्हती. पायाला बँडेज, तरी खुरडत यायची, आईची कूस बदलायची, भांडं द्यायची, घ्यायची. मी म्हटलं, "मावशी, मी आहे ना आता. तुम्हाला परत लागेल." ती म्हणाली, "मला येऊन गेलीय, बाय. आता ती माजं काय करनार? तू जा, तोंड धू." एवढी माया कशासाठी, हे मला कळत नव्हतं. चांगुलपणाचं कारण कळलं नाही की मला झोप लागत नाही.

वॉर्डात एक म्हातारी होती, मनोरच्या बाजूच्या पाड्यातली. कमरेला मार लागून आलेली. तिच्याकडे कुणी फारसं येत नसे. ती नळाचं पाणी तसंच प्यायची, कॅन्टीनचा चहा प्यायची, कुणी दिलेला भात खायची, हात पदराला पुसायची. माझ्या हिशोबाने ती पहिली आजारी पडायला हवी होती. तिला काहीच झालं नव्हतं. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी मी सकाळपासून तिच्यावर डोळा ठेवला. दुपारी ती खिडकीच्या गजातून काहीतरी बाहेर टाकताना दिसली आणि पत्र्यावर कावळे जमले.

मी जाऊन विचारलं, "आजी, काय टाकलंत?"

"कालचा खोबरा."

"खोबरं कशाला टाकता?"

तिने तोंड उघडून दाखवलं. एकही दात नव्हता. "चावू कशी, बाय? तोंडात घालतात ती घालतात. नको कसा म्हनू? मंग त्या बाजूला झाल्या का काढून पदराला बांधते न् दुसऱ्या दिशी कावल्यांना देते."

"कोण घालतं तोंडात?"

"घरी जानारी. तुला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं ते असं. वॉर्डातली बाई बरी होऊन निघाली की तिच्या घरचे नारळ आणतात. ती स्वतः तो पायरीवर फोडते, स्वतः खोबऱ्याचे तुकडे काढते आणि गुळाच्या खड्याबरोबर प्रत्येक खाटेवर जाऊन आपल्या हाताने एकेकीच्या तोंडात घालते. बऱ्या हाताचं खोबरं. तिचं बरेपण त्या हाताने दुसरीला जातं. जी न देता जाते ती आपलं दुखणं खाटेवर सोडून जाते आणि दुसऱ्यांचं बरेपण घेऊन जाते. हे कुणी सुरू केलं ते तिला सांगता येईना. कुण्या कोळणीने असेल, कुण्या वाडीवालीने असेल. आमच्या भागात नारळावाचून कुणाचंच पान हलत नाही.

दुसऱ्या दिवशी ते मी डोळ्यांनी पाहिलं. भय्यिणीला सोडलं होतं. तिची आव बरी होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते आणि पोट अजून पुरतं ठिकाणावर नव्हतं. ती संडासातून आली, डबड्यातल्या पाण्याने बोटं भिजवली, पदर खोचला आणि नारळ फोडायला बसली. सुरी चालेना तशी तिने नखांनी खोबरं उचकटलं. मग ती निघाली. "खाओ, अम्मा. खाओ, मौसी. सब अच्छे हो जाओगे." बायका पाखरांच्या पिल्लांसारखी तोंडं उघडत होत्या. नव्याने आलेल्या, टाके पडलेल्या, सगळ्या. तिच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. ती आमच्या खाटेपाशी आली तेव्हा मी मध्ये उभी राहिले. आईने माझ्या आडून हात पुढे केला होता.

मी तो हात खाली दाबला आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. जी बाई आयुष्यात कुणाच्या पेल्याला ओठ लावत नव्हती, तिने इथे दहा घरच्या बायकांच्या हातून खोबरं खाल्लं होतं.

"आई, तू खाल्लंस?"

"फल हाय ते," ती म्हणाली. "फलाला काय विटाल नाय लागत. करवंटीत असतं. देवाला चालतं."

कोळणीच्या डब्यातला घास तिने घेतला नसता, भय्यिणीचा तर नाहीच, पाड्यातल्या म्हातारीचा पेला तिने शिवलाही नसता. या वॉर्डातल्या बायका एकमेकींचं काहीच खात नव्हत्या. एक नारळ तेवढा सगळ्यांना चालत होता, आणि आव त्यातूनच हिंडत होती. मी पाणी गाळत बसले होते.

मी सिस्टरला सांगितलं. तिने आधी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्याच घरच्या नारळाला नाव ठेवलं. मग तिने खाटांवरून नजर फिरवली. म्हणाली, "बरा झाला म्हणून हात बरा होत नाही. पोटात जंतू खूप दिवस राहते." संध्याकाळी तिने वॉर्डाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं की आजपासून नारळ बंद आणि नळावर साबण बांधून ठेवला जाईल.

हे कुणाच्या सांगण्यावरून झालं ते ओळखायला वेळ लागला नाही. बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी जवळून गेले की बोलणं थांबायचं. एकीने ऐकू जाईल असं म्हटलं, "आयशीला सलाईन लावलंय, म्हनून दुसऱ्यांचं बरं होनं बघवत नाय." दुसरी म्हणाली, "बोईसरची हाय ती. कारखानेवाल्यांची मानसं. पान्याचं नाव निघू नये म्हनून खोबऱ्यावर ढकललं." हे ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण त्यांच्या जागी मी असते तर अगदी हाच संशय घेतला असता.

आई सावरली. सलाईन निघालं, भात पचू लागला, टाके सुकले. नवी कुणी आजारी पडली नाही, पण हे बोलून दाखवण्याची सोय नव्हती. कोळणीचा पाय मात्र काळा पडत चालला होता. कापायचं बोलणं सुरू होतं. ती एवढी मोठी बाई, पण पाय कापायचं म्हटलं की तिचा आवाज बारीक व्हायचा.

आईला सोडायच्या आदल्या दिवशी कोळणीने मला जवळ बोलावलं. "बाय, सिस्टर काय बोलते ती बोलू दे. तुज्या आयशीला मी मराया टेकलेली बघलीय. तिथून ती उठली. तिच्या हातचं खोबरं मला पायजे. मंग माजा पाय ऱ्हायल." एवढ्या मायेचं कारण मला कळलं असं मला वाटलं, आणि लगेच हेही कळलं की ते कारण नव्हतं. माया आधीची होती. ही नुसती भीती होती.

दुसऱ्या दिवशी आईने नारळ मागितला. मी आणला नव्हता.

"वाडीतून एक नारल आनता आला नाय तुला?"

"आणणार नाही. तुझ्या पोटात अजून ते आहे. तिच्या अंगात साखर आहे, पाय सडतो आहे. तिला पुन्हा आव लागली तर ती टिकणार नाही."

"हात धुते. तुज्या साबनानं धुते. गरम पान्यात घालते हात."

"नाही."

"मी तिला काय सांगू? तिनं माजा गू काढलाय."

पण मी नाही म्हटलं ते म्हटलंच. आईने लुगडं सारखं केलं, पिशवी मी उचलली. कोळीण उठून बसली होती. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं. ती आईच्या हाताकडे बघत होती. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तिच्यासमोर उभी राहिली. कोळणीला समजलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जा बाय," ती आईला म्हणाली. "बरी ऱ्हा."

गाडीत बसेपर्यंत आईने हात पदराबाहेर काढले नाहीत.

पुढे पावसाळ्याच्या तोंडावर मासळीवालीने गावात बातमी आणली की ती कोळीण गेली. आईने ते ऐकून चूल विझवली आणि दिवसभर मागच्या पडवीत बसून राहिली. वहिनीचा निरोप आला तसा मी मुद्दाम पालघरला गेले आणि सिस्टरला भेटून खरं काय ते विचारलं. पाय कापायला उशीर झाला, जखमेचं विष रक्तात गेलं, त्यात ती गेली. तिला आव लागली नव्हती, वॉर्डात त्यानंतर कुणालाच लागली नव्हती. जे केलं ते मी आजही करीन. खोबऱ्याने पाय राहिला नसता, आणि नव्या बायकांपैकी एखादी मात्र नक्की गेली असती. याबद्दल माझ्या मनात कधी किंतू आला नाही.

मी तशीच गावाला गेले. आई वाल सोलत होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. पाय, साखर, रक्तात गेलेलं विष, उशीर कसा झाला ते. आपल्यामुळे काही झालं नाही, असंही म्हटलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही. मग सोललेले दाणे परातीत ओतले आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या पेल्याकडे बघायची तसं.

"तू तेच सांगनार," ती म्हणाली.